उजवा म्हणायचं, डावा उचलायचा

टेमघर, भिवंडी
दि. १२ सप्टेंबर २००४

लाडक्या उन्नतीस,

वहिनीचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. पुण्यातल्या मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून तू बिस्किटांवर दिवस काढतेस, असं लिहिलंयस. दुसऱ्यांना तब्येत कमवायला शिकवणार आणि स्वतः बिस्किटं खाणार! इकडे सगळे खुशाल. गणपती तोंडावर आलेत, आईंचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात आणि तुझा दादा सकाळपासून शेडवर असतो.

तुझं पत्र दुपारी आलं ते बरं झालं. दुपारी पोस्टमनची आणि माझी एकटीचीच गाठ पडते. फोनवर बोलायचं म्हटलं की आई कान देऊन बसतात आणि तुझा दादा घरात असला तर रिसीव्हरच ओढून घेतो. तू अशीच लिहीत जा.

आपली लूमची शेड आता तू ओळखणार नाहीस. शेवटचे लूम गेल्या महिन्यात भंगारात गेले. उचलायला आलेला भैय्या ह्यांना म्हणाला, "सेठ, इतने साल इसने खिलाया, एक बार हाथ तो लगा लो." ह्यांनी खरंच हात लावला. आता तिथे आरसे लागलेत, रबराची जाजमं आलीत, वजनं आलीत. पण पत्र्याखालून अजून कापसाची तुसं गळतात आणि दंड फुगवून आरशात बघणाऱ्या पोरांच्या केसांत जाऊन बसतात. ती पोरं फार शूर दिसतात तेव्हा. बाहेर जिमचा मोठा बोर्ड लावलाय. त्याच्या खाली लिहिलंय, "लवकरच लेडीज बॅच, पुण्याच्या प्रशिक्षित ट्रेनरच्या हाताखाली." ती ट्रेनर कोण, हे अख्ख्या टेमघरला ठाऊक आहे. मी येता-जाता तो बोर्ड वाचते.

तुमच्या कोर्सच्या बाईंनी सांगितलंय ना, दिवसा जे शिकाल ते संध्याकाळी कुणाला तरी शिकवा म्हणजे पक्कं होतं? आणि तू त्यासाठी मला निवडलंस. बरं केलंस. तुझं पत्र मी डब्याला टेकवून ठेवते आणि ओट्यापाशी करून बघते. बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, हे समजलं. सुरुवातीला अंग गरम करायचं, शेवटी ताणून थंड करायचं, हेही समजलं. मधेच थांबवून मनगटावर नाडी बघायची ते मी आईंवर करून पाहिलं. त्यांना वाटलं मी त्यांच्या मरणाची वाट बघतेय. चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही! पुढच्या पत्रात जरा आणखी खुलासेवार लिही. बायका दमल्या की त्यांना कसं ओढून न्यायचं, कुणाची कंबर धरली तर काय करायचं, सगळं. एवढंसं लिहून वहिनीची बोळवण करू नकोस.

तू विचारलंस, "वहिनी, तू कधी काही खेळायचीस का गं? तुला पटापट समजतं." खेळायचे थोडंफार. शाळेत सगळ्याच मुली खेळतात.

आता तू ज्यासाठी एवढं पानभर लाडीगोडी लावलीस ते. गणेशपुरीची माणसं तुला मे महिन्यात गावातल्या एका हळदीत बघून गेली ती काही गप्प बसलेली नाहीत. मुलगा देवेश, एकुलता एक. घरचं लॉज आहे, आश्रमात येणारे लोक उतरतात. तू म्हणतेस, दादा तुझं ऐकतो, त्याला सांग की मला निदान दोन वर्षं लेडीज बॅच चालवू दे, मग तो म्हणेल त्याच्या गळ्यात माळ घालते. सांगेन गं. पण वेळ बघून सांगेन. तू मधेच फोन करून घोळ घालू नकोस. तुझा दादा म्हणजे पेटायला आलेला स्टो, पंप कुणी आणि किती मारायचा ते मला माहीत आहे.

पोटभर जेव.

तुझी लाडकी वहिनी,
निशा


टेमघर, भिवंडी
दि. ५ डिसेंबर २००४

प्रिय उन्नती,

तुझं रडकं पत्र मिळालं. असं रडून पुसून पत्र पाठवू नये. मला तीनदा वाचावं लागलं.

तर ऐक. मी बोलले. रविवारी मटण होतं, पोट भरलं की माणूस नरम असतो म्हणून तीच वेळ धरली. म्हटलं, उन्नतीला इतक्यात लग्न नको आहे, तिला आधी बॅच चालवायची आहे. तर ताट सरकवून उठले. हात धुता धुता म्हणाले, "पुण्याला काय गेली, शिंगं फुटली काय तिला?" आणि आतून आईंनी री ओढली, "चांगला घर चालून आलाय. असा घर परत मिलाचा न्हाय. पोरीला काय इचाराचा हाय त्यान?" मी पुन्हा बघते. पण तू आत्ता त्यांना एक अक्षर लिहू नकोस. लिहिलंस तर कोर्स अर्धवट टाकायला लावून घरी आणतील, मग ना बॅच ना काही. माझ्यावर सोडलंयस ना? मग सोड.

दुसरी गोष्ट, रागावणार नसशील तर सांगते. लेडीज बॅच सुरू झाली. दिवाळीनंतर बायका सारख्या विचारायला यायच्या, आणि बोर्ड लावून बॅच नाही म्हणजे गिऱ्हाईक जातं, असं ह्यांचं म्हणणं. तू येईपर्यंत मी गाडं ओढते. दुपारी, पोरांची जिम बंद असते तेव्हा.

काय मजा येते म्हणून सांगू! समोरच्या गुणाबाई पहिल्या दिवशी नऊवारी कमरेला खोचून आल्या. मी हात वर म्हटलं की त्या देवाला जोडतात तसे जोडतात. थोड्या वेळाने जमिनीवर बसकण मारून म्हणतात, "अगो निशा, धाप लागली गो! जरा तुजा तो रेडिओ बंद कर ना." शेजारच्या मोहल्ल्यातल्याही तिघी-चौघी येतात. आत आल्या आल्या म्हणतात, "बाजी, पहले दरवाज़ा बंद करो," आणि दार लागलं की बुरखा खुंटीला अडकवून अशा काही उड्या मारतात की आपल्या बायका बघत राहतात. काल सगळ्यांचे पाय पहिल्यांदा एका ठेक्यात पडले. शेडमध्ये पूर्वी लूमचा खडखडाट असायचा ना, त्याच जागी बायकांचे पाय. मला एकदम भरून आलं. खूप वर्षांनी मी एका रांगेपुढे उभी होते.

तुझ्या मागच्या पत्रातली ती आरशाची युक्ती फारच उपयोगी पडली. ट्रेनरने बायकांकडे तोंड करून उभं राहायचं, तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि स्वतःचा डावा पाय उचलायचा, म्हणजे समोरच्यांना बरोबर जमतं. तू लिहिलंस, तुम्हा सगळ्या मुलींना हे जमायला आठवडा लागला, सारखे पाय चुकायचे, बाई ओरडायच्या. मला पहिल्याच दिवशी जमलं. तोंडाने एक आणि पायाने दुसरं, यात मला शिकण्यासारखं काही नव्हतं. चौदा-पंधरा वर्षं या घरात मी तेच करतेय.

थट्टा केली गं.

तुझी परीक्षा जानेवारीत आहे. अनोळखी बायकांचा पूर्ण वर्ग घेऊन दाखवायचा म्हणतेस, तर आता त्याचाच ध्यास धर. गणेशपुरीची मंडळी त्याच सुमारास आपल्याकडे यायची म्हणतात. नुसतं चहापाणी आहे. त्यासाठी परीक्षा पुढे ढकलून धावत येऊ नकोस. तू असलीस तर तुला साडी नेसवून पुढ्यात बसवतील, नसलीस तर विषय आपोआप लांबेल. पटतंय ना? म्हणून म्हणते, ती तारीख सोडू नकोस.

पास झालीस की सर्टिफिकेट आणि तुमचा तो पाठीवर "ट्रेनर" लिहिलेला टी-शर्ट, दोन्ही रजिस्टरने इकडे पाठवून दे. तुला पुढे पंधरवडा तिथल्या जिममध्ये काम करायचंय ना, तोवर तुझा दादा फ्रेम करून घेईल. भिंतीवर सर्टिफिकेट असलं की बॅचला वजन येतं. मेडिकलवाल्याकडे नाही का, भिंतीवर एकाचं आणि गल्ल्यावर दुसराच! तशी वेळ आपल्यावर नको यायला.

वहिनीवर विश्वास ठेव.

तुझीच,
निशा वहिनी


टेमघर, भिवंडी
दि. ६ फेब्रुवारी २००५

चि. सौ. कां. उन्नतीस,

पहिल्याच ओळीत तुला कळलं असेल. नसेल कळलं तर पुन्हा वाच. लग्न ठरलेल्या मुलीला पत्राच्या वर असंच लिहितात.

पहिल्या वर्गात पास झालीस, अभिनंदन. सर्टिफिकेट आणि टी-शर्ट मिळाले.

सुपारी फुटली. तू तिकडे परीक्षकांसमोर उजवा-डावा करत होतीस त्याच दुपारी. फोनवर नको, पत्रातून मी कळवते, असं मीच ह्यांना म्हटलं. आपल्या ओटीवर गावकीची माणसं बसली, गणेशपुरीचे आठ-दहा जण आले, सुपारी फोडली आणि तुझ्या दादाने शब्द दिला. आपल्यात सुपारीला मुलगी समोर लागत नाही, हे तू विसरलीस. मी नव्हते विसरले. माझी फुटली तेव्हा मी माहेरी, दिघाशीच्या मैदानावर होते. बाबांनी, म्हणजे आमच्या नामा भोईरांनी, घरी आल्यावर सांगितलं. लग्न मे महिन्यात. देवेश दिसायला बरा आहे, कमी बोलतो.

त्यांची एकच अट आहे. सून चारचौघांत उड्या मारणार नाही, स्वतःच्या भावाच्या जिममध्येसुद्धा नाही. त्याची आई चहा पिता पिता म्हणाली, "आमचे घरानची सून चड्डी घालून नाचाची न्हाय." हे वाक्य मी या घरात आधी एकदा ऐकलं होतं, शब्दन् शब्द तेच. गणेशपुरीला त्यांच्या लॉजच्या मागे मोकळी जागा आहे म्हणे. तिथे आश्रमात आलेल्या गोऱ्या बायका सकाळी सकाळी व्यायाम करतात. तुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघता येईल. त्यांचा गुडघा बोटांपुढे जातो का, ते बघ.

आता खरं ते सांगते. मी तुझ्या दादाशी कधी बोललेच नाही. मटणाचा रविवार, सरकवलेलं ताट, शिंगं, आईंनी ओढलेली री, सगळं माझ्या मनाचं. आणि जे घडलं ते असं. सुपारीच्या आदल्या संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. एरवी बसत नाहीत. म्हणाले, "उन्नतीच्या मनात काय हाय? तुझ्याशी बोलते ना ती? तिला बॅच चालवायची असेल तर मी त्यांना एक-दोन वर्षं थांबायला सांगतो. नाय थांबले तर ऱ्हायले. पोरगी एवढी शिकतेय." खरंच असं म्हणाले. डोळ्यांत पाणीबिणी होतं. तुझ्यावर फार जीव आहे त्यांचा. फक्त मी "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "तिच्या मनात काय असणार? लाजते, म्हणून लिहीत नाही. करून टाका."

तू आता म्हणशील, वहिनी, मी तुझं काय वाईट केलं होतं? तू विचारशील आणि तुला खरंच आठवणार नाही, यानेच माझ्या अंगाची आग होते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तू तिसरीत. तुला शिकवणीला सोडायला म्हणून मी संध्याकाळी बाहेर पडायचे आणि शिकवणी सुटेपर्यंत शाळेमागच्या मैदानात कबड्डीचा सराव करायचे. दिघाशीच्या संघाची चड्डी आणि बनियन साडीच्या आत घालून जायचे. जिल्ह्याची निवड जवळ आली होती आणि मला घेणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी उजव्या कोपऱ्यात उभी राहायचे. कोपऱ्यातल्या मुलीने घाई करायची नसते. चढाईला आलेलीला आत येऊ द्यायचं, आणखी आत, तिला वाटायला हवं की इथे कुणी नाही. मग घोटा धरायचा. मी धरलेला घोटा कधी सुटला नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी तू जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस, "आमची वहिनी चड्डी घालून पोरींना पकडते." आणि हसलीस. तुला वाटलं, किती गमतीचं सांगितलं आपण. आईंनी तेव्हा काय म्हटलं ते तुला वर लिहिलंच आहे. दुसऱ्या दिवशी माझं बनियन मोरीच्या दारात होतं, फाडून पायपुसणं केलेलं. पाठीवरचा नंबर वर राहील असं घातलेलं. त्यावर सगळ्यांनी पाय पुसले. तुझ्या दादाने पुसले, तूही पुसलेस. आणि आईंनी तुला नवा फ्रॉक आणला, घरातली गोष्ट घरात सांगितलीस म्हणून. पिवळा होता. मीच तुला तो घालायचे आणि मागची बटणं लावायचे.

लहान होतीस तू. मला कळतं ते. इतकी वर्षं मी स्वतःला तेच समजावलं. तुझ्या वेण्या घातल्या, तुझ्या तापात जागले, तुला पुण्याला पाठवायला ह्यांना मीच तयार केलं. तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, माझं नाही झालं, निदान हिचं होऊ दे. मग सप्टेंबरात तुझं पत्र आलं. "वहिनी, तू कधी काही खेळायचीस का गं?" मी ओट्यापाशी उभी होते. ते वाचून खाली बसले. माझं सगळं ज्या एका वाक्याने गेलं ते वाक्य तुझं होतं, आणि तुला ते आठवतसुद्धा नव्हतं. एवढं विचारलं नसतंस तर मी तुझ्या दादाला कदाचित "हो" म्हणाले असते.

हे पत्र हवं तर त्यांना दाखव. माझ्यावर ओरडतील, हातही उचलतील. त्याची मला सवय आहे. पण गावकीसमोर दिलेला शब्द ते परत घेणार नाहीत. तू तुझ्या दादाला ओळखतेस. उलट तुझ्याशी कसं बोलावं ते त्यांना जन्मभर कळणार नाही. तेव्हा काय ते तू ठरव.

सर्टिफिकेट फ्रेममध्ये घालून आरशांच्या वर लावलं आहे. फार छान दिसतं. नाव तुझं, फोटो तुझा. नवीन बाई आली की आधी वर बघते, मग माझ्याकडे बघते, आणि गुणाबाई तिला समजावतात, "ती ननंद हाय हिची, लगीन झालंय तिचा." तुझं लग्न त्यांनी आत्ताच लावून टाकलंय. तुझा टी-शर्ट मला खांद्यात जरा घट्ट होतो, पण उसवून घेतला. तू लिहिलेली सगळी पत्रं मी क्रमाने लावून ठेवली आहेत. काही अडलं की काढून बघते. फार मन लावून शिकवलंस तू मला, उन्नती. तुझ्यासारखी ट्रेनर भिवंडीत झाली नसती.

पुढच्या आठवड्यात घरी येशील तेव्हा आईंच्या पाया पड, दादाला हसून भेट. हळदीला तुला पहिली हळद मी लावणार, तो वहिनीचा मान असतो. त्या दिवशी माझ्याकडे तोंड करून बस. मी "उजवा" म्हणेन तेव्हा उजवा हात पुढे कर. माझा डावा कुठे असेल ते बघत बसू नकोस.

लोभ होता, हे खोटं नव्हतं.

निशा नामा भोईर,
दिघाशी मुलींचा संघ,
उजवा कोपरा